शाळेतील दादागिरी आणि तिचे प्रेक्षक : खानदेशातील शिक्षक-पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

‘बुलिंग’ या शब्दाला मराठीत नेमका एक प्रतिशब्द नाही, आणि खानदेशातील शाळांमध्ये या प्रश्नावर काम सुरू करताना पहिली अडचण तिथेच येते. मुले त्याला ‘मजाक’ म्हणतात, शिक्षक ‘खोड्या’ म्हणतात, पालक ‘पोरापोरांतलं आहे’ म्हणून सोडून देतात, आणि ज्याच्या वाट्याला ते रोज येते तो मुलगा त्याला कोणतेच नाव देत नाही. तो फक्त शाळेच्या वेळेला पोट दुखते असे सांगतो. या लेखात मोठ्यांसाठी ‘छळ’ आणि मुलांशी बोलताना ‘दादागिरी’ असे दोन शब्द वापरले आहेत. शाळेतील सर्वांनी मिळून असा एखादा शब्द आधी ठरवून घ्यावा, कारण नाव नसलेल्या गोष्टीची तक्रार कोणी करत नाही.

लेखाचा रोख आधीच सांगतो. छळ म्हटला की आपले लक्ष छळणाऱ्याकडे किंवा सोसणाऱ्याकडे जाते, पण हे नाटक चालू राहते ते भोवती उभ्या असलेल्या आणि हसणाऱ्या, किंवा न हसता गप्प राहणाऱ्या मुलांच्या जोरावर. कॅनडातील टोरोंटो येथील शाळांच्या मैदानांवर केलेले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले एक निरीक्षण या दृष्टीने फार बोलके आहे. छळाच्या दर शंभर प्रसंगांपैकी ८८ प्रसंगांत इतर मुले हजर होती, मध्ये पडणारी मुले मात्र फक्त १९ प्रसंगांत आढळली. आणि मुले जेव्हा मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. म्हणून पुढील बहुतेक पायऱ्या या बघ्यांसाठी आहेत.

भांडण कोणते, छळ कोणता

नॉर्वेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या देशात तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर १९८३ मध्ये सरकारने देशव्यापी मोहीम हाती घेतली आणि ओल्वेअस यांचा शालेय कार्यक्रम त्यातूनच उभा राहिला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात : दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन्ही बाजूंच्या ताकदीतील फरक. त्यांच्या प्रश्नावलीत ‘महिन्यातून दोन-तीन वेळा किंवा त्याहून अधिक’ ही मर्यादा धरलेली आहे. कबड्डीच्या डावावरून बरोबरीची दोन मुले हातघाईवर आली तर ते भांडण होय, आणि तिथे समजूत घालून हात मिळवायला लावणे योग्यच आहे. जेवणाच्या रांगेत पाच जण मिळून एकाच मुलाच्या बोलण्याची रोज नक्कल करत असतील तर तो छळ होय, आणि तिथे समेट घडवणे हा उपाय नव्हे. दोन्हींना एकच औषध देण्याची चूक सर्वांत जास्त वेळा होते.

ताकदीतील फरक म्हणजे फक्त दंडातील जोर नव्हे. आपल्याकडे तो अनेक ठिकाणी लपलेला असतो, आणि त्यातही बोलीमध्ये तो फार खोल गेलेला आहे. साक्री किंवा पारोळा भागातील मुलगा जळगावच्या शाळेत आला आणि सहज ‘माले माहीत नही’ म्हणून गेला की वर्ग हसतो. तोच मुलगा पुढे तालुक्याच्या वसतिगृहात गेला आणि तिथे धडगाव-अक्कलकुव्याकडील पावरी किंवा भिली बोलणारी मुले भेटली की त्यांच्या उच्चारांवर हसणाऱ्यांत तोही असतो. अहिराणीवाल्याला शहरी मराठी हसते, अहिराणीवाला पावरीला हसतो, आणि लेवा गणबोली बोलणारा पुण्याला शिकायला गेला की त्यालाही ‘गावाकडचा’ ठरवले जाते. छळणारे आणि सोसणारे असे दोन कायमचे गट नसतात, हे शिक्षकांना पटवून देण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

बोलीशिवाय जात आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत नाव असणे आहे, रंग, उंची, जाडी, तोतरेपण आहे, मुलीसारखा वागतो म्हणून मुलग्याला पडलेले नाव आहे. ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची एक वेगळीच अडचण आहे. ती दिवाळीनंतर शाळा सोडून जातात, होळीच्या सुमारास परततात आणि तोवर वर्गातील बाकांच्या जोड्या, खेळातील संघ, डबा खाण्याचे गट सगळे ठरून गेलेले असतात. अशा मुलासाठी परतीचा पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा असतो. त्याच्या शेजारी कोण बसेल हे तो येण्याआधीच ठरवून ठेवणे हा या संपूर्ण लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मुलाने सांगितले त्या संध्याकाळी

वर्गाचे काम पुढे करायचे आहे, पण एखाद्या मुलाने किंवा मुलीने तोंड उघडले असेल तर ते आधी. पूर्ण ऐकून घ्यावे. ‘तू काय केलं होतंस?’ आणि ‘तूही दोन ठेवून द्यायच्या होत्यास’ ही दोन वाक्ये टाळावीत. पहिल्याने दोष त्याच्याकडे जातो आणि दुसऱ्याने तो भित्रा ठरतो. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू’ एवढे पुरे होते. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. ‘ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन आणि आधी तुला विचारेन’ असे म्हणावे. तारीख, जागा, कोण कोण होते हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे. मूल मरणाची भाषा बोलत असेल, जेवण-झोप सुटली असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर त्याला एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे न्यावे. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन दिवसरात्र उपलब्ध आहे.

काही प्रसंग समुपदेशनाचे नसतातच. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि शाळेचे नाव खराब होईल म्हणून दाबून ठेवणारा स्वतः गुन्ह्यात अडकतो. जातिवाचक अपमानासाठी १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा वसतिगृहांनाही लागू होतो हे अनेक संस्थाचालकांना ठाऊक नसते. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत प्रमुखाने चौकशी करायची असते, आणि टाळाटाळ करणाऱ्या प्रमुखाला गुन्ह्याला साथ देणारा मानले जाते.

फुल्यांचा नकाशा आणि मक्याचे दाणे

आता वर्गाकडे वळू. पहिल्या आठवड्यात कोणतेही भाषण न देता दोन गोष्टी मोजाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. शाळेचा, आणि निवासी शाळा असेल तर वसतिगृहाचाही, साधा नकाशा कागदावर काढून मुलांना द्यावा आणि जिथे भीती वाटते तिथे फुली मारायला सांगावी. नाव लिहायचे नाही. मुलींचे आणि मुलांचे नकाशे वेगळे ठेवावेत, कारण फुल्या वेगळ्या ठिकाणी पडतात. पाण्याची टाकी, स्वच्छतागृहामागची भिंत, जेवणाची रांग, अंघोळीची वेळ आणि एसटीतील मागची बाके अशा जागा वारंवार पुढे येतात, आणि गंमत अशी की यांपैकी जवळजवळ कोणतीच जागा शिक्षकांच्या यादीत नसते. इथले उपाय मानसशास्त्राचे नसून व्यवस्थेचे आहेत : अंघोळीला लहान मुलांना आधी सोडणे, टाकीजवळ मधल्या सुट्टीत एका शिक्षकाची पाळी लावणे, बंद पडलेला दिवा बदलणे, पासवाल्या लहान मुलांना पुढे बसू देण्याची कंडक्टरला विनंती करणे. नकाशा केल्यापासून आठवडाभरात त्यातील एक तरी गोष्ट प्रत्यक्ष झालेली मुलांना दिसली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कोणी फुली मारणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मन. चिठ्ठ्या लिहून घेण्यात दोन अडचणी असतात : अक्षर ओळखू येते, आणि आश्रमशाळेतील काही मुलांना प्रमाण मराठीत लिहिणे जड जाते. त्यावर आम्ही दाण्यांचे मतदान वापरतो. प्रत्येक मुलाला एक मक्याचा दाणा आणि एक हरभरा द्यायचा. मका म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. पडद्याआड एक मडके आणि एक पिशवी ठेवायची. उत्तराचा दाणा मडक्यात, उरलेला पिशवीत, दोन्ही वेळा मूठ बंद. एक प्रश्न झाला की मडके रिकामे करून मोजायचे आणि मगच पुढचा प्रश्न. प्रश्न चार :

गेल्या महिन्यात कोणी तुला दोन-तीन वेळा किंवा अधिक चिडवले, ढकलले, वेगळे पाडले का? असे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडताना तू पाहिलेस का? ते पाहून तुला वाईट वाटते का? वर्गातील बहुतेकांना त्याची मजा वाटते असे तुला वाटते का?

प्रश्न मुलांच्या बोलीत विचारावेत. शिक्षकाला पावरी येत नसेल तर ती येणाऱ्या स्वयंपाकीण मावशींची किंवा वरच्या वर्गातील मुलीची मदत घ्यावी. पट पंधराच्या आत असेल तर दोन वर्ग एकत्र करावेत, कारण लहान वर्गात एकच मका पडला की तो कोणाचा हे सगळ्यांना कळते.

या खटाटोपाचे खरे मोल तिसऱ्या आणि चौथ्या उत्तरातील अंतरात आहे. बहुतेकांना मनातून वाईट वाटत असते, पण प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच असे आहोत आणि बाकीच्यांना मजा येते आहे. म्हणून तोही हसतो, आणि त्याचे हसणे पाहून शेजाऱ्याची खात्री पटते. मानसशास्त्रात या सामूहिक गैरसमजाचा बराच अभ्यास झालेला आहे. हुंडा, वाळीत टाकणे, लवकर लग्न लावणे अशा अनेक प्रथा याच गैरसमजावर तग धरतात : घरात विचारले तर नको म्हणणारे लोक चारचौघांत ‘रीत आहे’ म्हणतात. वर्ग हे गावाचेच लहान रूप असते, त्यामुळे इथे हा गैरसमज ओळखायला शिकणे मोठेपणी उपयोगी पडते.

आकडा सांगावा कसा

समजा चाळीस जणांच्या वर्गात तेहतीस जणांनी वाईट वाटते असे सांगितले. हा आकडा दुसऱ्याच दिवशी फळ्यावर मोठा लिहावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. त्यावर प्रवचन नको. ‘हे तुम्हीच टाकलेले दाणे आहेत’ एवढेच म्हणावे आणि मुलांना त्यावर आपसांत बोलू द्यावे.

पहिल्या प्रश्नाचा आकडा मात्र फळ्यावर लिहू नये. ‘आपल्या शाळेत दादागिरी फार वाढली आहे’ असे फलक लावण्याचा मोह अनेक शाळांना होतो आणि तो महागात पडतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी फलकांची तुलना करून पाहिली, तेव्हा ‘अनेक पर्यटक इथून लाकूड नेतात’ अशा अर्थाचा फलक लावलेल्या वाटेवर चोरी उलट वाढली. सगळेच करतात हे कळले की मग आपणही केले तर काय बिघडले, असा विचार माणूस करतो. ज्या वागण्याची संख्या वाढावी असे वाटते त्याचाच आकडा जाहीर करावा. तिसऱ्या प्रश्नाला मका कमी पडला, म्हणजे बहुतेकांना खरेच काही वाटत नाही असे दिसले, तर आकडा खोटा करून लिहू नये. तो बाजूला ठेवून पुढील पायरीला लागावे आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारावे.

मॉनिटर नको, ज्याच्याभोवती घोळका असतो तो हवा

आता काही मुले निवडायची आहेत. शिक्षकांच्या डोळ्यांपुढे लगेच मॉनिटर, पहिला क्रमांक आणि परिपाठाला छान बोलणारी मुलगी येते. यांचा वर्गावर प्रभाव असतोच असे नाही; कधीकधी तर वर्ग त्यांना ‘सरांचा चमचा’ म्हणत असतो. एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३ या शालेय वर्षात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ५६ शाळांमध्ये प्रयोग केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला, तू आपला वेळ कोणाबरोबर घालवतोस, असे विचारून शाळेतील नात्यांचे जाळे काढले. निम्म्या शाळांत मूठभर मुलांना संघर्षाविरुद्ध स्वतःच्या कल्पनेने काम करायला प्रोत्साहन दिले. त्या शाळांमधील शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि निवडलेल्यांत ज्यांच्याकडे सगळे पाहतात अशी मुले जिथे जास्त होती तिथे परिणाम अधिक दिसला.

आपल्याकडे हे करायला संगणक लागत नाही. प्रत्येकाने आपण ज्यांच्याबरोबर जास्त वेळ असतो अशा पाच जणांची नावे लिहायची. ज्यांची नावे सर्वांत जास्त वेळा येतील त्यांपैकी सात-आठ जण घ्यायचे. त्यांत गट वेगवेगळे असावेत : कबड्डीवाले, मागच्या बाकावरचे, मुलींचे दोन्ही-तिन्ही घोळके, वसतिगृहातील मुले. एखादे नाव दादागिरी करणाऱ्याचेच निघेल. त्याला वगळू नये, मात्र तो ज्याला छळतो आहे ते मूल त्याच गटात नाही ना, हे पाहावे. आणि जे मूल सोसते आहे त्याच्यावर ‘तूच पुढाकार घे’ असे ओझे कधीही टाकू नये.

या गटाने काय करायचे ते मोठ्यांनी ठरवायचे नाही. आठवड्यातून एक तास, सावलीत, शिक्षकाने कमी बोलायचे. मुलांना सुचते ते आपल्याला सुचत नाही. एका ठिकाणी मुलांनी अहिराणीतील म्हणी आणि पावरीतील शब्द रोज एक याप्रमाणे फळ्याच्या कोपऱ्यात अर्थासह लिहायला सुरुवात केली, आणि ज्याच्या बोलण्यावर हसायचे त्यालाच अर्थ विचारायला जाण्याची वेळ सगळ्यांवर आली. इतका सरळ उपाय आम्हाला कोणालाच सुचला नव्हता.

मध्ये पडण्याचा सराव

‘अन्याय दिसला की आवाज उठवा’ असे सांगून काही होत नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की बघे जितके जास्त, तितकी प्रत्येकाची जबाबदारीची जाणीव कमी होते; कोणीतरी करेल, असे प्रत्येकजण समजतो. शिवाय मध्ये पडावे कसे हेच अनेकांना ठाऊक नसते. म्हणून सराव लागतो, पोहण्यासारखा.

चार कृती पुरेशा आहेत आणि त्या अवघड नाहीत. हसायचे नाही. त्या मुलाला काहीतरी निमित्त काढून तिथून बाजूला न्यायचे. ‘चाल भो, पानी पेवाले’ किंवा ‘तुला बाई बोलावताहेत’ एवढे पुरते, आणि यात छळणाऱ्याला आव्हान द्यावे लागत नाही. नंतर त्याच्याजवळ जाऊन बसायचे. मोठ्या माणसाला सांगायचे. प्रत्यक्ष अडवणे ही पाचवी कृती, पण ती फक्त दोघे-तिघे एकत्र असतील तेव्हाच. एकट्या मुलाला वीरपणा करायला लावणे धोक्याचे आहे.

सराव नाटुकल्यातून करावा. तीन मुले प्रसंग उभा करतात, बाकीची बघ्यांची भूमिका घेतात, आणि मध्येच शिक्षक टाळी वाजवून प्रसंग थांबवतात : आता तू काय करशील? छळ सोसणाऱ्याची भूमिका खऱ्या सोसणाऱ्या मुलाला आणि छळणाऱ्याची भूमिका खऱ्या दादाला देऊ नये. वर्गात घडलेला ताजा प्रसंगही घेऊ नये. महिनाभर आठवड्याला वीस मिनिटे द्यावीत.

‘सांगणे म्हणजे चुगली’ ही समजूत मात्र वेगळी हाताळावी लागते. एखाद्याला अडकवण्यासाठी सांगितले तर ती चुगली आणि एखाद्याला सोडवण्यासाठी सांगितले तर ती मदत, हा फरक पाचवीतील मुलालाही कळतो. तक्रारपेटी बहुतेक शाळांत असते, पण ती मुख्याध्यापकांच्या दारात टांगलेली असते आणि तिच्यात काही टाकणारा सर्वांना दिसतो. ती पाण्याजवळ किंवा ग्रंथालयात ठेवावी, ठरलेल्या वारी दोन जणांनी मिळून उघडावी.

छळणाऱ्याशी बोलताना

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. काम नवीन होते तेव्हा एका शाळेत मी छळणारा आणि सोसणारा अशा दोघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावली, हात मिळवायला लावले, आणि समाधानाने एसटी पकडली. पुढच्या भेटीत कळले की त्या मुलाला संध्याकाळी ‘सरांकडे गेला होता’ म्हणून दुप्पट त्रास झाला. ताकद असमान असताना समोरासमोरची समजूत ही दुबळ्याच्या वाट्याला आलेली आणखी एक परीक्षा ठरते.

म्हणून एकट्याशी, शांतपणे आणि लगेच बोलावे. ‘तू वाईट आहेस’ असे म्हणू नये. ‘तू हे केलंस, त्याचा त्याच्यावर असा परिणाम झाला, हे थांबलं पाहिजे’ असे म्हणावे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवून दिले आहे की माणूस स्वतःच्या नजरेतून न उतरता दुसऱ्याला दुखवू शकतो, कारण त्याच्याजवळ पळवाटा असतात : ‘मजाक होती’, ‘सगळेच करत होते’, ‘त्यानेच सुरुवात केली’, ‘त्याला काही वाटत नाही’. ही वाक्ये येणारच. वाद न घालता प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा, जसे ‘मजाक होती तर तो हसत होता का?’ मग उत्तराची वाट पाहावी.

मारू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते, पण कायदा बाजूला ठेवला तरी बलवानाने दुबळ्याला मारून आपले म्हणणे खरे करावे हाच धडा छडीतून मिळतो, आणि तो धडा त्याला आधीच पाठ असतो. काढून टाकण्याच्या कडक धोरणांचाही अनुभव चांगला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटाने २००८ मध्ये तसाच निष्कर्ष काढला होता. परिणाम छोटा, ठरलेला आणि न चुकणारा असावा : जे बिघडवले ते दुरुस्त करणे, काही दिवस ठरावीक जागेपासून लांब राहणे, दोन आठवडे रोज पाच मिनिटे शिक्षकाला भेटणे. त्याच्या घरीही जावे. बऱ्याचदा तिथे कोणीतरी त्याच्याशी तसेच वागत असते. त्यामुळे त्याचे वागणे माफ होत नाही, पण पुढे काय करायचे ते कळते.

शिक्षकांची खोली

ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण इथे बोट आपल्याकडे वळते. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ असे भर वर्गात म्हणणे, मुलाला त्याच्या पाड्याच्या नावाने हाक मारणे, ‘अहिराणी बोलायची असेल तर घरी जा’ असे सुनावणे, उंची-जाडीवरून विनोद करणे या गोष्टी शिक्षकांना किरकोळ वाटतात. मुलांसाठी तो परवाना असतो. याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये, साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे काम पाहताना ते मुलांच्या खोल्या स्वतः आवरून ठेवत. प्रत्येक शिक्षकाने खोल्या झाडाव्यात असे कोणी म्हणत नाही. पण ज्या वसतिगृहात अधीक्षक लहान मुलाकडून पाय चेपून घेतो तिथे मोठी मुलेही तेच करणार, हे उघड आहे. महिन्याच्या शिक्षक-सभेत दहा मिनिटे काढून, आपण कोणती टोपणनावे वापरतो याची यादी स्वतःच करावी आणि ती बंद करावीत.

सगळे काम शिक्षकांवर टाकूही नये. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी आणि काही शाळांत याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या पण तज्ज्ञ नसलेल्या तरुण समुपदेशकांनी राबवला. समुपदेशक असलेल्या शाळांचे वातावरण सुधारले, छळ आणि नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत तसा परिणाम आढळला नाही. हे वाचून शिक्षकांनी रागवू नये. सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या माणसाकडे उरतो किती वेळ, हा साधा हिशेब आहे, आणि मार्क देणाऱ्याजवळ मूल मन मोकळे करत नाही हेही खरे. आपल्याकडे समाजकार्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते, मानसशास्त्राचे पदवीधर तालुक्याच्या गावांत आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. आठवड्याचा एक ठरलेला दिवस, बसायला एक खोली आणि मुलांना माहीत असलेले एक नाव, एवढ्यावर सुरुवात होते.

गावापर्यंत आणि फोनपर्यंत

शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य पालक असतात. शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही नेमायच्या आहेत. कागदावरील या दोन समित्यांपुढे फुल्यांचा नकाशा ठेवला की त्यांना प्रथमच हातात धरण्यासारखे काहीतरी मिळते. पालकसभेत कोणाच्याही मुलाचे नाव घेऊ नये. दाण्यांचा तोच खेळ पालकांबरोबर खेळावा : ‘तुमच्या मुलाने दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर डबा खाल्ला तर तुम्हाला चालेल का?’ आणि ‘गावातील बहुतेकांना चालेल असे वाटते का?’ ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला लोकांनीच दिलेले उत्तर मडक्यातून निघते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, पण त्याआधी ते काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे करत होते, हा क्रम लक्षात ठेवावा.

फोनवरील छळ रात्री घरात शिरतो, एवढाच त्याचा वेगळेपणा. मजकूर पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा, उलट उत्तर देऊ नये, ग्रुपच्या ॲडमिनला लेखी कळवावे. अश्लील फोटो असेल तर तो कोणालाही, अगदी पुरावा म्हणून शिक्षकालाही, पुढे पाठवू नये. फोन तसाच घेऊन सायबर पोलिसांकडे जावे. मुलाचा फोन काढून घेणे ही शिक्षा सोसणाऱ्यालाच होते आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा दाणे

तेच चार प्रश्न, तेच मडके, तोच नकाशा. पहिल्या प्रश्नाला मका वाढलेला दिसण्याची बरीच शक्यता असते आणि मुख्याध्यापक घाबरून कार्यक्रम बंद करायला निघतात. बहुतेक वेळा छळ वाढलेला नसतो. ज्याला नाव नव्हते त्याला नाव मिळालेले असते आणि सांगण्याची भीती कमी झालेली असते. म्हणून या वेळी दुसऱ्या आकड्यांकडे पाहावे : चौथ्या प्रश्नाला मका किती घटला, तक्रारपेटीत मित्राविषयी लिहिलेल्या चिठ्ठ्या किती आल्या, मधल्या सुट्टीत एकटे बसणारी मुले किती. सहा महिन्यांनी पहिल्या प्रश्नाचा आकडा खाली यायला हवा. अनेक देशांतील शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात छळ सरासरी २० ते २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. तेवढे झाले तरी काम नीट चालले आहे असे समजावे.

नकाशावर एखाद्या जागेवरील फुल्या हटल्याच नाहीत, तर मुलांना पुन्हा बोलावण्याआधी त्या जागेवर स्वतः त्या वेळी जाऊन उभे राहावे. आम्ही एकदा तीन आठवडे शाळेच्या एका पायरीवरील फुल्यांचे कोडे सोडवत होतो. तिथे उभे राहिल्यावर कळले की दुपारच्या जेवणाची ताटे धुण्यासाठी तिथे एकच नळ होता, आणि लहान मुलांचा नंबर नेहमी शेवटी लागत होता. दुसरा नळ बसवायला चार दिवस लागले.